कलाशाळेच्या आत आणि बाहेर

जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे शेजारी शेजारी मांडून ठेवली, की दोन सह्या वारंवार डोळ्यांत भरतात: दलाल आणि मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे. दोघांच्या वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर. मराठी घराघरांतल्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर आणि पुस्तकांच्या वेष्टनांवर या दोघांनी कित्येक वर्षे राज्य केले. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी मुंबईत रीतसर कलाशिक्षण घेऊन जी. डी. आर्ट ही पदविका मिळवली आणि १९४५ साली स्वतःचे ‘दीपावली’ सुरू केले. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्याकडे कोणत्याही कलाशाळेची पदविका नव्हती. त्यांचे धडे घरी, चित्रकार वडिलांच्या सहवासात झाले. कोण काय शिकले हे ठाऊक नसलेल्या माणसापुढे दोघांची मुखपृष्ठे ठेवा आणि यातला पदविकाधारक कोण, असे विचारा. छातीठोक उत्तर देणारा विरळाच.

चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी नोकरी केली, त्या काळात दर जून महिन्यात कोणी ना कोणी पालक एकच प्रश्न घेऊन येत. मुलाचा किंवा मुलीचा हात चांगला आहे. पण त्यासाठी चार-पाच वर्षे कलामहाविद्यालयात घालवायची गरज आहे का? या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. पहिले, ‘कागद हातात नसेल तर कोणी उभे करत नाही.’ दुसरे, ‘कला उपजत असते, ती शिकवून येत नाही.’ दोन्ही उत्तरांच्या पाठीशी मोठमोठी नावे उभी करता येतात. म्हणून नावांची मोजदाद करण्यापेक्षा, कलाशाळा नेमके काय देते आणि शाळेबाहेर वाढलेल्यांना तेच कुठून मिळाले, हे तपासणे मला अधिक उपयोगाचे वाटले. या लेखात तेवढेच करायचे आहे.

शाळा मुळात कोणासाठी?

मुंबईची जे. जे. कलाशाळा सुरू झाली २ मार्च १८५७ रोजी, सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १ लाख रुपयांच्या देणगीतून. प्रतिभावान चित्रकार घडवावेत, हा तिचा पहिला हेतू नव्हता. इथल्या कारागिरांना आरेखनाचे शिक्षण द्यावे, हस्तोद्योगांचा दर्जा वाढवावा, हा विचार त्यामागे होता. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले ते इमारतींवरच्या शिल्पकामाचे शिक्षक म्हणून. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. ते काम आजही दस्तऐवज म्हणून मोलाचे आहे आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो डोळा व हात घोटण्याचा अभ्यासक्रमच होता.

पुढे या व्यवस्थेतून राज्यभर पसरले ते चित्रकला शिक्षक आणि ग्रेड परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हे शब्द मराठी घरांत इतके मुरले आहेत, की ते इंग्रजी आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन अशा चौकटीत लाखो मुलांनी पहिल्यांदा रंगपेटी हाताळली. या परीक्षांचे कागद मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. स्मरणचित्र म्हणजे स्मरणातले चित्र. पण क्लासमध्ये पाठ केलेली जत्रा, पाठ केलेला भाजीबाजार, तोच फुगेवाला आणि तीच छत्रीवाली बाई कागदामागून कागदावर अवतरत असे. शिक्षणाने हात एका साच्यात बसतो ही तक्रार खोटी नाही. तरी याच परीक्षेने खेड्यातल्या मुलाला ‘चित्र काढणे हा अभ्यासाचा विषय असू शकतो’ एवढे सांगितले, हेही खरे आहे.

चार गोष्टी

कलाशाळेत पाच वर्षे काढलेल्या माणसाला काय मिळते, याची मी चार भागांत फोड करतो.

पहिली गोष्ट म्हणजे हाताचा सराव. रोज समोर मॉडेल बसलेले आहे, प्रकाश एका बाजूने येतो आहे आणि शिक्षक मागून येऊन खांद्याची रेघ पुसायला लावतो आहे, ही घरी सहज जमणारी गोष्ट नाही. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, जे. जे.मध्ये जिवंत मॉडेलवरून मानवी देहाच्या अभ्यासावर भर आला आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या मनुष्याकृतीत तो दिसतो.

दुसरी गोष्ट वेळ. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ‘कमावत का नाहीस?’ हा प्रश्न चार वर्षे पुढे ढकलण्याची परवानगी महाविद्यालय देते. तिची किंमत घरच्यांनी मोजलेली असते. म्हणूनच ती सर्वांना मिळत नाही.

तिसरी गोष्ट संगत. बरोबरीची मुले काय करतात ते दिसते, भांडणे होतात, कोण कोणते पुस्तक वाचतो ते कळते, आणि पुढे वीस वर्षांनी काम सांगणारा माणूस बहुधा याच मुलांतला असतो.

चौथी गोष्ट कागद, म्हणजे प्रमाणपत्र. सरकारी नोकरीत, शिक्षकी पेशात, परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जात त्याच्याशिवाय चालत नाही. चित्राच्या खरेदीदाराने मात्र पदविका दाखवा म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांना या चारही गोष्टी एकाच छपराखाली मिळाल्या. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाला, तिथेच शिक्षक झाला आणि तिथला प्रमुखही झाला. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. शाळा म्हणजेच आयुष्य, असे हे उदाहरण. याच्या उलट टोकाला, याच कोल्हापुरात दुसरी गोष्ट घडत होती.

शाळेबाहेरच्या शाळा

बाबुराव पेंटर १८९० साली जन्मले. घराण्याचे आडनाव मेस्त्री. ‘पेंटर’ हे नाव कामावरून पडले. वडील सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, चित्रकाम असे सगळेच करत. बाबुराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळवले. पुढे त्यांना सिनेमाचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी खटपट करून कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. बाबुराव कोणत्याही कलाशाळेचे पदविकाधारक नव्हते. पण त्यांना ‘न शिकलेले’ म्हणणे कितपत बरोबर? नाटकाचा पडदा म्हणजे दूरदृश्य, प्रकाश, वास्तुरचना आणि वेळेत काम पुरे करण्याची शिस्त. घरचा कारखाना हीच त्यांची पाठशाळा होती. आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसे बाहेर पडून १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी राहिली. फत्तेलालांचे नेपथ्य आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ यांची मुळे या बिनपाटीच्या शाळेत आहेत.

आर. के. लक्ष्मण यांचे उदाहरण तर कलाशाळेविरुद्ध नेहमी पुढे केले जाते. म्हैसूरच्या या तरुणाने जे. जे.मध्ये प्रवेशासाठी अर्ज केला आणि प्रवेश देण्याजोगे गुण चित्रांत नाहीत असे सांगून संस्थेने तो नाकारला. पुढे त्याच संस्थेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावले. ही गोष्ट सांगताना श्रोते हमखास हसतात आणि तिथेच थांबतात. पण लक्ष्मण यांच्या घरी काय होते ते पाहावे. वडील मुख्याध्यापक, घरात इंग्रजी नियतकालिकांचे गठ्ठे. त्यांत डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराची चित्रे असत आणि लहान लक्ष्मण त्याची सही ‘काउ’ अशी वाचत असे. थोरले भाऊ आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे काढायची संधी घरातच चालून आली. दिसेल ते रेखाटायची सवय बालपणापासूनची. महाविद्यालयीन पदवी त्यांनी म्हैसूरला घेतली. म्हणजे सराव होता, पाहायला उत्तम नमुने होते, वेळ होता आणि छापून येण्याची वाटही होती. नव्हता तो फक्त कलाशाळेचा कागद, आणि वृत्तपत्रातल्या व्यंगचित्रकाराला त्याची गरज पडली नाही.

अक्षरांच्या क्षेत्रात तर दोन्ही वाटा समोरासमोर दिसतात. र. कृ. जोशी (१९३६–२००८) जे. जे.चे विद्यार्थी. जाहिरात क्षेत्रात काम केल्यानंतर ते पवईच्या आय. आय. टी.तल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले. संगणकावर आपण वर्षानुवर्षे पाहत आलो तो ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी कलाशिक्षण घेतलेले नव्हते. वडील अक्षरांच्याच कामातले, आणि पुढे टाइम्स समूहाच्या कलाविभागात रोजच्या रोज अक्षरे काढणे हेच शिक्षण. मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचे नाव वाचण्याआधी नाटकाची प्रकृती कळावी, अशी अक्षरे त्यांनी दिली. टंक घडवायचा तर लिपीचा इतिहास, भाषाशास्त्र आणि तंत्रज्ञान यांची एकत्र बैठक लागते; ती संस्थेत सापडते. नाटकाचे शीर्षक काढायला मुरलेला हात आणि नाट्यसृष्टीची नाडी लागते. ती कामावर सापडते. काम कोणते, यावर शिक्षण कोणते हे ठरते, असा याचा अर्थ मी लावतो.

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात. सुधीर पटवर्धन पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये डॉक्टर झाले आणि १९७५ ते २००५ ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले. लोकल, चाळी, कामगार, वाढती उपनगरे ही त्यांची चित्रे याच काळातली. वेळ आणि पैसा त्यांना दुसऱ्या व्यवसायाने दिला. जिव्या सोमा मशे यांना हात दिला तो वारली परंपरेने. लग्नाचा चौक लिहिणे हे तिथे सुवासिनींचे काम. मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणले. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कागद आणि रंग घेऊन पोहोचलेले भास्कर कुलकर्णी हे स्वतः जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार होते. परंपरेत वाढलेल्या हाताला बाहेरचा प्रेक्षक मिळाला तो कलाशाळेत घडलेल्या डोळ्यामार्फत.

संगतीचे मोल

चारही गोष्टींत सर्वांत कमी बोलले जाते ते संगतीविषयी. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप स्थापन झाला. त्याचे सहा संस्थापक पाहा. रझा नागपूरला आणि मग जे. जे.मध्ये शिकलेले. सदानंद बाकरे जे. जे.चे शिल्पकार. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा जे. जे.चा विद्यार्थी, पण १९४५ मध्ये तिथून काढून टाकलेला. हरी अंबादास गाडे विज्ञानाचे शिक्षक. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाची भव्य फलकचित्रे रंगवून पोट भरत होते. कृष्णाजी हौळाजी आरा लहानपणी घरातून पळून मुंबईला आलेले, मोटारी धुण्याची आणि घरगड्याची कामे केलेले.

हे सहा जण एकत्र कसे आले? पदविकेमुळे नव्हे, हे उघड आहे. त्या काळात युरोपातून आलेली काही माणसे मुंबईत होती: व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकवलेले आणि टाइम्सचे कलासंचालक झालेले वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडी व्हॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर. लँगहॅमर यांच्या घरी चित्रकारांच्या बैठका भरत. तिथे युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पाहायला मिळत, चर्चा होत, चित्रे विकली जात. ही एक शाळाच होती, फक्त तिला हजेरीपत्रक नव्हते. जे. जे.त जे शिकवले जात होते त्याविरुद्ध उभे राहायला सूझांना जे. जे. आधी आतून ठाऊक असावी लागली, आणि आरांना उभे राहायला ही बैठक लागली. बंडखोराला शाळेचा उपयोग बंड करण्यासाठी होतो, आणि तो उपयोग लहान नव्हे.

यादीत न दिसणाऱ्या

शाळेशिवाय मोठ्या झालेल्यांची ही यादी लिहून झाल्यावर मी ती पुन्हा वाचली. बाबुराव, मुळगावकर, लक्ष्मण, शेडगे, आरा, पटवर्धन, मशे. यात एकही बाई नाही. मी मुद्दाम तसे निवडले नाही. नाटक मंडळीच्या पडद्यामागे, फलक रंगवणाऱ्यांच्या परातीवर किंवा छापखान्यात रात्रपाळीला मुलीला उमेदवारी करू देणारे घर त्या काळी कुठे होते? वारली स्त्रियांचा हात तर पिढ्यानुपिढ्यांचा. पण त्या कलेचे पहिले गाजलेले नाव पुरुषाचे झाले.

स्त्री चित्रकार कुठे दिसतात ते पाहिले, की कलाशाळेची दुसरी बाजू कळते. अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद दोघी जे. जे.त शिकल्या, दोघींचे वडील नामांकित चित्रकार होते, त्यामुळे घरचा आधार होता. पण नागपूरजवळच्या खेड्यात १९३३ मध्ये जन्मलेल्या बी. प्रभा यांच्या पाठीशी असे चित्रकाराचे घर नव्हते. त्या नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईला जे. जे.मध्ये शिकल्या. उंच, सडपातळ, कष्टकरी स्त्रिया हा पुढे त्यांच्या चित्रांचा विषय झाला. गावातल्या मुलीला मुंबईत येण्यासाठी, तिथे राहण्यासाठी आणि रोज चित्र काढत बसण्यासाठी घराला आणि समाजाला पटेल असे कारण लागत होते. ‘ती कॉलेजात शिकते’ हे ते कारण होते. जे मुलींना लागू, तेच ज्यांच्या घरात पूर्वी कोणी रंग हातात धरला नाही अशा मुलांनाही लागू. ज्याला घरी, नात्यात, शेजारात चित्रकार नाही, त्याच्यासाठी कलाशाळेचे दार हे बहुधा एकमेव दार असते.

आता काय बदलले

शाळेबाहेरच्या ज्या शाळांनी वर उल्लेखलेली माणसे घडवली, त्या आता राहिलेल्या नाहीत. नाटकाचे रंगवलेले पडदे गेले. शिळाछापाचे छापखाने कधीच बंद झाले. फ्लेक्स आला आणि गावोगावच्या ‘आर्टिस्ट’ पाटीची दुकाने उठली. त्या दुकानांत डबे धुण्यापासून सुरुवात करून अक्षर वळणावर आणणारी मुलेही त्याबरोबर गेली. नियतकालिकांचे कलाविभाग दोन-चार संगणकांवर आले. ज्या उमेदवारीत काम शिकत चार पैसे मिळत, ती वाट बुजली. म्हणून ‘बाबुराव कुठे शिकले होते?’ हा प्रश्न आज एखाद्या मुलाला ऐकवणे मला अन्यायाचे वाटते. बाबुरावांना जे अंगण मिळाले ते त्याला कोणी दिलेले नाही.

दुसऱ्या बाजूने, आज मोबाइलवर जगभरातल्या चित्रकारांची प्रात्यक्षिके पाहता येतात. तंत्राची गुपिते उघडी झाली आहेत. जाहिरात, ॲनिमेशन, खेळांची रचना अशा व्यवसायांत पदवीआधी केलेल्या कामाचा संच पाहतात. चार गोष्टींपैकी पहिली, म्हणजे हाताचा सराव, यामुळे बऱ्याच अंशी घरी आली; पण चूक दाखवणारा माणूस मात्र पडद्यातून बाहेर येत नाही. वेळ आणि संगत तर मुळीच घरपोच मिळत नाहीत.

शाळेचीही बाजू डळमळीत आहे. कित्येक कलामहाविद्यालयांत पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा भरलेल्या नाहीत. आर्ट टीचर डिप्लोमा करून चित्रकला शिक्षक होण्याची वाट शाळांतल्या भरतीबरोबर अरुंद होत गेली. ज्या नोकरीसाठी तो कागद होता ती नोकरीच कमी झाली, तर त्याचे मोल उतरणारच. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यातून अभ्यासक्रम मोकळा होईल का आणि शुल्क सामान्य घराच्या आवाक्यात राहील का, हे दोन प्रश्न माझ्या मते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. शाळा उत्तम झाली आणि बी. प्रभांसारख्या मुलीला परवडेनाशी झाली, तर ती सुधारणा कोणासाठी?

पालकांना काय सांगावे

कलाशिक्षणाने कलावंत घडतो, असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही; शिक्षणाने प्रतिभा मारली जाते, यालाही नाही. पदविका घेऊन आयुष्यभर एकही स्वतःचे चित्र न काढलेले सहकारी मी पाहिले आहेत आणि त्याच वर्गातून उठून स्वतःची वाट काढलेलेही पाहिले आहेत. पण शाळेबाहेर वाढलेला, आणि खरोखर कोणीच शिकवले नाही असा एकही माणूस मला या शोधात सापडला नाही. प्रत्येकामागे वडील होते, कारखाना होता, भावाची लेखणी होती, दुसऱ्या व्यवसायाचा पगार होता किंवा कोणाच्या तरी घरची बैठक होती.

म्हणून जूनमध्ये येणाऱ्या पालकांना मी उलट चार प्रश्न विचारत असे. मुलाच्या हाताची चूक दाखवणारे कोणी जवळ आहे का? चार वर्षे कमाईची घाई न करता त्याला काम करू देता येईल का? त्याच्याहून चांगले काम करणाऱ्यांत त्याची ऊठबस आहे का? आणि ज्या कामाचे त्याच्या मनात आहे, तिथे प्रमाणपत्र मागतात का? चारपैकी तिन्हींची सोय घरबसल्या होत असेल, तर शुल्काचे पैसे कागदावर, रंगांवर, प्रवासावर आणि प्रदर्शने पाहण्यावर खर्च करावेत. ती होत नसेल, आणि बहुतेक घरांत ती होत नाही, तर कलाशाळेत घालावे. शाळा निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नये. दुपारी तीन वाजता, न कळवता, तिथल्या स्टुडिओत डोकवावे. मुले काम करताना दिसली आणि कोणी शिक्षक एखाद्या इझलमागे उभा असला, तर प्रवेश घ्यावा.